बेसा रस्त्यावरची रात्र आणि गाडीचे डोळे

मानेवाडा चौकातून दक्षिणेला निघालं की रिंग रोड मागे पडतो आणि थोड्याच वेळात बेसा लागतं. नागपूरकरांच्या लेखी हे काल-परवापर्यंत शहराबाहेरचं गाव. आता गावाभोवती ले-आउट पडलेत, फ्लॅट-स्कीम उभ्या राहिल्यात; घोगली, पिपळा, बेलतरोडी ही शेजारची गावंही शहराला येऊन भिडलीत. तरी शहर आणि गाव इथं अजून हातात हात घालून नांदतात. गुरुवारी संध्याकाळी स्वामी समर्थांच्या दर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ, जेवणं आटोपून शतपावलीला निघालेली मंडळी आणि त्यांच्यातूनच रमतगमत घराकडे परतणारी एखादी म्हैस, सारं एकाच रस्त्यावर!

दिवसा ही गंमत वाटते. काळजी असते ती रात्रीची. जिथं रस्त्यावरचे दिवे संपतात, तिथून आपल्या गाडीचेच डोळे. म्हणून हे डोळे नीट निवडणं हे एकट्या ड्रायव्हरचं किंवा ‘यांचं’ काम नव्हे, मैत्रिणींनो. शेजारच्या सीटवर मांडीत बाळ घेऊन आपणच बसतो, आणि आता कित्येकजणी स्वतःच स्टिअरिंग धरतात.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “ताई, पांढरा देऊ की पिवळा?” हा पांढरा-पिवळा मोजायचं माप म्हणजे केल्व्हिन. गंमत अशी, की आकडा जितका मोठा, तितका उजेड ‘थंड’, निळसर. मेणबत्तीचा प्रकाश साधारण १९०० केल्व्हिन, गाडीतल्या साध्या हॅलोजनचा ३२०० च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या घरात. एलईडीचे दिवे बहुधा ५००० ते ६५०० चे असतात. पण केल्व्हिन हा नुसता रंग झाला. उजेड किती, हे ल्युमेन सांगतं. आणि वॅट म्हणजे बल्ब खातो किती, ते. भाजीचा रंग, तिची चव आणि तिला लागलेला गॅस या जशा तीन वेगळ्या गोष्टी, तसंच हे!

आपल्याकडच्या कित्येक गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन असतो. त्यावर ६०/५५ वॅट लिहिलेलं असतं. ६० वॅट अप्परला, ५५ डिप्परला. अप्परला सुमारे १६५० आणि डिप्परला सुमारे १००० ल्युमेन उजेड पडतो. काही हॅलोजनच्या काचेवर निळा मुलामा देऊन ते ‘सुपर व्हाइट’ म्हणून विकतात. तो मुलामा उजेडाचा काही भाग अडवतो. म्हणजे दिसायला झगझगीत, पण रस्त्यावर उलट कमीच!

१०० वॅटचा बल्बही आग्रहानं पुढे केला जातो. तो घेऊ नये. जास्त विजेनं वायर आणि होल्डर तापून वितळतात, शिवाय तो नियमातही बसत नाही. हॅलोजनच्या जागी स्वस्तातला एलईडी खोचणंही तसंच. दिव्यामागचा आरसा हॅलोजनच्या बारीक तारेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाची जागा जराशी हलली तरी उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आणि समोरून कोण येत असतं? स्कूटरवर मुलाला क्लासहून घरी आणणारी आपलीच एखादी शेजारीण. मोतीबिंदूची सुरुवात झालेले एखादे काका. निळसर प्रकाश डोळ्यात जास्त विखुरतो आणि वयस्क डोळ्यांना दिपल्यावर सावरायला वेळ लागतो. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात पंचावन्न फूट पुढे जाते. दोन सेकंद डोळ्यांपुढे अंधारी आली, तर एकशेदहा फूट रस्ता आंधळेपणानं कापला जातो. त्या अंतरात शतपावलीवाल्यांचा घोळका असू शकतो.

पूर्वी दिव्यांच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासत, तो याच धाकानं. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळेच असत. पण धुक्यात केवळ रंगानं फारसं साधत नाही. झोत खाली ठेवणं महत्त्वाचं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वर्धा रोडनं शिवमडक्याकडे, तिथून समृद्धी महामार्गावर निघाल, तर धुक्यात अप्पर लावू नका. पांढरी भिंत उभी राहते समोर!

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा:

गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच जातीचा आणि वॅटचा बल्ब घ्या. रंग ३००० ते ४३०० केल्व्हिनच्या दरम्यानचा असला की पावसाळी रस्त्यालाही बरा.

बल्ब जोडीनं बदला. एक गेला की दुसऱ्याचीही वेळ आलेली असते.

हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. स्वच्छ कोरड्या फडक्यानं धरा.

नव्या बल्बाआधी दिव्याची काच पुसून पाहा. धुळीनं आणि उन्हानं पिवळी पडलेली काच चांगल्या बल्बाचाही उजेड गिळते.

गाडी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून डिप्पर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण तीन इंच खाली हवी. मागे माणसं आणि सामान भरलं की झोत वर चढतो. स्टिअरिंगजवळ खालीवर करण्याची चकती असेल, तर ती फिरवा.

आणि समोरून कुणी आलं की डिप्पर. त्याला ना पैसा पडतो, ना मेकॅनिक लागतो.