दार्ष्टान्तिकाची जागा

पदव्युत्तर वर्गातील साहित्याच्या उत्तरपत्रिका ओळीने तपासल्या म्हणजे त्यांची एक ठरलेली घडण लक्षात येऊ लागते. आरंभी कवीच्या जन्ममृत्यूचे सन येतात, मध्ये काही ओळी अवतरणचिन्हांत येतात आणि शेवटी ही कविता अत्यंत प्रभावी झाली असल्याचा निर्वाळा येतो. सन बिनचूक असतात, ओळी पाठ असतात, निष्कर्षही सहसा चुकीचा नसतो. तरीही उत्तर वाचून संपल्यावर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. माहिती, अवतरण आणि निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवलेले असतात. एकावरून दुसऱ्याकडे जाणारी वाट मात्र कोठेच दिसत नाही. विश्लेषणात्मक निबंध लिहायला शिकविणे म्हणजे ही वाट पाडायला शिकविणे होय. साहित्याच्या अध्यापनात सर्वांत कमी वेळ जर कशाला मिळत असेल, तर तो बहुधा या कामाला.

शालेय स्तरावर विद्यार्थ्याला 'रसग्रहण' परिचित झालेले असते. कवितेचा विषय, मध्यवर्ती कल्पना, भाषा, अलंकार, कविता आवडण्याचे कारण अशा आखून दिलेल्या खणांत उत्तर भरावयाचे असते. त्या वयात ही चौकट उपकारकच ठरते. पदव्युत्तर वर्गात मात्र प्रश्न बदलतो. कवितेत काय आहे, एवढे सांगून भागत नाही. ते तसे आहे असे कशावरून म्हणता येते, हे दाखवावे लागते. या दोन प्रश्नांमधला पूल कोणी बांधत नाही. विद्यार्थी हे शिकूनच आला असेल असे अध्यापक गृहीत धरतो, आणि 'भावविश्व', 'जाणीव', 'प्रतिमासृष्टी' असे शब्द वापरले की विश्लेषण आपोआप होते असे विद्यार्थी समजतो. १८७४ साली सुरू झालेल्या 'निबंधमाले'तील युक्तिवादाची वैशिष्ट्ये तो मुद्देसूद लिहितो. स्वतः मात्र एकही युक्तिवाद करीत नाही.

तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयाच्या पदव्युत्तर वर्गात बालकवींची 'औदुंबर' ही कविता चालली होती. ही कविता अवघ्या आठ ओळींची; त्यामुळे ती सबंध डोळ्यांसमोर ठेवता येते, आणि मराठी समीक्षेत तिचे वेगवेगळ्या अंगांनी अर्थ लावले गेले असल्यामुळे एकच उत्तर पाठ करून चालत नाही. अध्यापकांनी कविता दोनदा वाचली आणि काय दिसते ते सांगायला सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, वाट आहे, पण वाटेवर माणूस कुठंच नाही की." थोडे थांबून ती पुढे म्हणाली, "पाय आहेत ते झाडालाच."

कवितेच्या मर्मापर्यंत नेणारे हे निरीक्षण होते. कवितेत झरा आहे, टेकडीकडचे लहानसे गाव आहे, शेते आहेत, कुरणे आहेत आणि त्यांतून काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी पायवाट आहे. माणसाच्या वावराच्या इतक्या खुणा असूनही माणूस एकही नाही. पायवाटेतला 'पाय' शेवटच्या ओळीत पुन्हा येतो तो झाडाचा म्हणून. झरा वाहतो, वाट चालते आणि या साऱ्या गतीच्या शेवटी झाड बसलेले आढळते.

आठवड्याने त्याच विद्यार्थिनीने लिहून आणलेल्या निबंधात यातले काहीच नव्हते. बालकवी हे निसर्गकवी आहेत, ही कविता म्हणजे निसर्गाचे मनोहर चित्र आहे, औदुंबर हे कवीच्या उदास मनाचे प्रतीक आहे, अशी वाक्ये कोठल्या तरी झेरॉक्स नोट्समधून उतरली होती. मनोहर चित्र आणि उदास मन यांची एकमेकांशी सांगड कशी घालावयाची, हा प्रश्नही त्या वाक्यांना पडलेला नव्हता. वर्गात सांगितलेले कोठे गेले, असे अध्यापकांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते परीक्षेत कसं लिहायचं, सर? ते आपलं साधंच होतं."

या उत्तरापाशी थांबणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही, ही तक्रार विभागाविभागांतून ऐकू येते; परंतु या विद्यार्थिनीची अडचण लेखनाच्याही आधीची होती. स्वतःला दिसलेली गोष्ट ज्ञान म्हणून मांडण्याच्या योग्यतेची असते, हेच तिला कोणी सांगितलेले नव्हते. घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याच्या मनात छापील भाषेचा एक धाक असतो. घरी आणि शेतावर बोलली जाणारी भाषा वेगळी, उत्तरपत्रिकेची भाषा वेगळी. या फरकातून तो नकळत असा निष्कर्ष काढतो की घरच्या भाषेत सुचलेला विचारही उत्तरपत्रिकेबाहेरचाच. मग तो उसनी वाक्ये लिहितो. पूर्वी ती गाइडमधून येत, आता मोबाइलवरही तयार मिळतात. साधन बदलले तरी विद्यार्थ्याचे होणारे नुकसान तेच राहते.

यावर उपाय शोधताना परकीय लेखनपद्धतींची पुस्तके धुंडाळण्याची गरज पडतेच असे नाही. मराठीच्या विद्यार्थ्याने अभ्यासलेल्या एका जुन्या ग्रंथातच निबंधाचा सांगाडा आहे. केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टान्तपाठा'त ११४ दृष्टान्त आहेत आणि त्यांची मांडणी तीन अंगांची आहे: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्रात सिद्धान्त येतो, दृष्टान्तात त्याचे उदाहरण येते, आणि त्या उदाहरणातील कोणती गोष्ट सिद्धान्तातील कोणत्या गोष्टीला लागू पडते हे दार्ष्टान्तिकात उलगडले जाते. हत्ती चाचपडणाऱ्या जात्यंधांची गोष्ट त्यात आहे. ती गोष्ट एकटी सांगितली तर तिच्यातून कोणी नम्रतेचा बोध घेईल, कोणी भांडण टाळण्याचा, कोणी केवळ करमणूक करून घेईल. ती येथे नेमकी कशासाठी आली आहे, हे दार्ष्टान्तिक सांगते.

प्राचीन गद्याचा नमुना म्हणून हा ग्रंथ शिकविला जातो. विचार मांडण्याची रीत म्हणून तो क्वचितच दाखविला जातो. वास्तविक वर उल्लेखिलेल्या उत्तरपत्रिकांचे निदान या तीन शब्दांत करता येते. त्यांत सूत्र असते, कारण ते नोट्समध्ये मिळते. दृष्टान्त असतो, कारण ओळी पाठ असतात. दार्ष्टान्तिकाची जागा रिकामी असते. अवतरण दिले की मुद्दा सिद्ध झाला अशी समजूत असल्याने विद्यार्थी ओळ उतरवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. खरे तर ओळ उतरवून झाल्यावरच निबंधाला आरंभ व्हावयाचा असतो. त्या ओळीतील कोणता शब्द, कोणती क्रिया, कोणता क्रम किंवा कोणता अभाव आपल्या विधानाला आधार देतो, हे तेथे लिहावे लागते.

अध्यापकांनी त्या विद्यार्थिनीला सबंध निबंध पुन्हा लिहायला सांगितला नाही. एकच परिच्छेद मागितला. त्यात 'मनोहर', 'प्रभावी', 'हृदयस्पर्शी' यांपैकी एकही विशेषण नको आणि प्रत्येक विधानानंतर 'कशावरून?' हा प्रश्न स्वतःलाच विचारावयाचा, एवढ्या दोन अटी घातल्या. परिच्छेद आला तो दहाबारा ओळींचा. कवितेतून माणूस वगळला गेला आहे, हे तिचे सूत्र होते. गाव, शेते आणि पायवाट हे तिचे दृष्टान्त होते. त्यापुढे तिने लिहिले होते की, वाट पायांनी पडते. येथे वाट शिल्लक आहे आणि ती पाडणारे पाय दिसत नाहीत. दिसणारे पाय झाडाचे आहेत आणि ते चालत नाहीत. वाक्ये ओबडधोबड होती, शुद्धलेखनाच्या चुका होत्या. परंतु दार्ष्टान्तिकाची जागा भरली होती.

तो परिच्छेद वर्गात वाचला गेला तेव्हा एका विद्यार्थ्याने हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, कवितेत माणूस नाही हे खरे नाही. 'ऐल' आणि 'पैल' हे शब्द कोणी तरी कोठे तरी उभे असल्यावाचून संभवत नाहीत. शेवटच्या ओळीतील 'असला' या शब्दात तर कोणी तरी झाडाकडे बोट दाखविते आहे. हरकत बिनतोड होती. येथे दृष्टान्तपाठाचा नमुना अपुरा पडतो, हेही मान्य केले पाहिजे. त्या ग्रंथातील सूत्र श्रद्धेय आहे. ते तपासून पाहावयाचे नसते. निबंधातील सूत्राला मात्र विरोधी पुराव्याला सामोरे जावे लागते. त्यासाठी मीमांसकांच्या अधिकरणातील पूर्वपक्षाचे स्मरण करून देणे उपयुक्त ठरते. विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अशा क्रमाने जाणाऱ्या त्या मांडणीत विरोधी मत आधी पूर्ण बळानिशी मांडावे लागते आणि मगच उत्तराकडे वळता येते.

विद्यार्थिनीने हरकत टाळली नाही. तिने सूत्र बदलले: दृश्यात माणूस नाही, तो दृश्याच्या कडेला, पाहणारा म्हणून उरला आहे, आणि पाण्यात पाय टाकून बसण्याची त्याची कृती झाडाकडे गेली आहे. पहिल्या विधानापेक्षा हे विधान अधिक काटेकोर होते. नोट्समधून आलेले उदास मनाचे विधानही मग याच कसोटीला लावले गेले, आणि काळिम्याला 'गोड' हे विशेषण का लावले असावे याचा उलगडा झाल्याखेरीज औदासीन्याचा शिक्का मारता येणार नाही, यावर वर्गाचे एकमत झाले. विशेषणांनी भरलेल्या पहिल्या निबंधावर अशी चर्चा होणे शक्यच नव्हते. ज्या विधानाला कोणी नाही म्हणू शकत नाही, ते विश्लेषण नसते.

हे शिकविणे कष्टाचे आहे. एकेका परिच्छेदाचे दोनतीन खर्डे वाचावे लागतात, समासात प्रश्न लिहावे लागतात, आणि सत्राच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास नसतो. परीक्षापद्धतीचा ओघही उलटा आहे. जून २०१२ पासून नेटची तिसरी प्रश्नपत्रिका दीर्घोत्तरी न राहता बहुपर्यायी झाली आणि २०१८ पासून तीन प्रश्नपत्रिकांच्या दोन झाल्या. अध्यापक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पात्रता सिद्ध करताना एकही परिच्छेद लिहावा लागत नाही. उद्या तोच वर्गात उभा राहून इतरांना निबंध लिहायला शिकविणार आहे.

यापेक्षाही अवघड प्रश्न गुणांचा आहे. त्या विद्यार्थिनीचा पहिला निबंध नीटनेटका, लांब आणि निर्दोष होता. दुसरा लहान, खडबडीत आणि तिचा स्वतःचा. अंतर्गत मूल्यमापनात अध्यापकांना दुसऱ्याला अधिक गुण देता आले. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र उत्तरपत्रिका अपरिचित परीक्षकाच्या हाती जाते, आणि गठ्ठ्यातील पुढची उत्तरपत्रिका वाट पाहत असताना तो ठरलेले मुद्दे मोजत असेल तर पहिल्याच निबंधाची सरशी होण्याचा संभव असतो. विद्यार्थिनीने हे विचारले तेव्हा अध्यापकांनी तिला खोटे आश्वासन दिले नाही. परीक्षेत आवश्यक ती माहिती लिहावी, परंतु प्रत्येक उत्तरात निदान एक परिच्छेद असा असावा की जो दुसऱ्या कोणाच्याही उत्तरपत्रिकेत सापडणार नाही, एवढे त्यांनी सुचविले. ही तडजोड आहे. तिचा भार विद्यार्थ्यावर पडू नये असे वाटत असेल, तर तपासणाऱ्यांनी मुद्द्यांच्या यादीबरोबरच 'कशावरून?' हा प्रश्नही हाताशी ठेवला पाहिजे. कारण वर्गात शिकविणारे आणि परीक्षेत तपासणारे हे अखेर एकाच व्यवसायातील लोक आहेत.

दृष्टान्तपाठाच्या रचनेतील एक गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यातील सूत्रे आणि दृष्टान्त श्रीचक्रधरांचे आहेत. दार्ष्टान्तिके केसोबासांची आहेत. गुरूच्या वचनांचा संग्रह करणाऱ्या शिष्याने स्वतःच्या बुद्धीसाठी जागा राखली ती नेमकी या तिसऱ्या अंगात. वर्गातही सूत्र अध्यापकाकडून किंवा समीक्षाग्रंथातून मिळू शकते आणि दृष्टान्त कविता पुरविते. या दोहोंचा सांधा जुळविण्याचे काम मात्र विद्यार्थ्याचे आहे. तो तयार करून देणारा अध्यापक उदार असला तरी विद्यार्थ्याच्या हातचे काम काढून घेत असतो, आणि ती जागा कोरी ठेवून पुरेसा वेळ थांबणारा अध्यापक विद्यार्थ्याला लिहिण्याचे खरे कारण देत असतो.