आधी खुर्च्या, मग कपडे

भाऊबीजेच्या आठवड्यात आमच्या स्टुडिओचा फोन सकाळी दुकान उघडायच्या आधीच वाजायला लागतो. पुण्या-मुंबईची लेकरं कोल्हापुरात आलेली असतात, एखादा अमेरिकेतला दीर सहकुटुंब उतरलेला असतो, आणि जेवणाच्या पंगतीत कुणीतरी बोलून जातं, ‘सगळी आलीच हायत तर एक फोटो काढून ठेवूया की.’ मग घरातली कर्ती सून फोन करते. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “ताई, कलर कुठला ठेवू ओ?”

मी विचारते, “बसणार कोण आणि उभं राहणार कोण?”

तिला वाटतं मी विषय बदलला. पण फोटोसाठी कपडे निवडायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. मोठ्या कुटुंबाच्या फोटोची मांडणी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे. मधे खुर्च्या, त्यांवर वडीलधारी; मागे मुलगे, सुना, लेकी, जावई; पुढे जाजमावर नातवंडं. कोणाचं किती दिसणार हे या मांडणीनेच ठरवून टाकलेलं असतं. मागच्या रांगेतल्या माणसाचं छातीच्या वरचं तेवढं दिसतं : कॉलर, ब्लाउजचा गळा, खांद्यावरच्या पदराच्या निऱ्या. खाली तो बर्म्युडा घालून उभा राहिला तरी कुणाला पत्ता लागत नाही. (राहतात काही जण.) खुर्चीवरची माणसं मात्र डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत येतात आणि जाजमावरच्या पोरांचे तर तळवेही येतात.

आता पैठणीचं बघा. पैठणीची सगळी श्रीमंती पदरात असते, आणि आपण नेहमी नेसतो त्या पद्धतीत पदर जातो पाठीमागे. मागच्या रांगेतल्या सुनेने येवल्याहून आणलेली भारीतली पैठणी नेसली, तर फोटोत तिचा वीतभर काठ दिसतो. ती बिचारी वर्षभर हप्ते भरत असते. म्हणून मी सांगते, पैठणी बसणारीला द्या. बसल्यावर उजव्या हाताखालून पदर पुढे घ्यायचा आणि मांडीवर असा पसरायचा की मोर सरळ उभे दिसतील. पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव रंग येतो. उभ्या बाईच्या अंगावर त्याचा एकच रंग कॅमेऱ्याला दिसतो. बसल्यावर गुडघ्यावरून कापड वळतं तिथे दुसरा रंग उमटतो.

खुर्च्या ठरल्या की दुसरा प्रश्न : आजी काय नेसणार? घरातल्या बाकी सगळ्यांना ‘हे घाल, ते घाल’ सांगता येतं, आजीला येत नाही. आमच्या भागात ती बहुधा इरकलीच नेसते, तिच्या पेटीतली, तिच्या मर्जीची. आणि ती फोटोच्या बरोबर मध्यभागी बसणार असते. मग तिच्याशी भांडण्यापेक्षा तिच्यापासूनच सुरुवात का करू नये? इरकलीत रंगांचा हिशेब विणकराने आधीच करून ठेवलेला असतो. गडद अंग, वेगळ्या रंगाचे काठ, आणि लाल-पांढऱ्याचा टोपतेणी पदर. समजा आजीचं लुगडं बाटलीच्या काचेसारखं हिरवं, काठ डाळिंबी. तर थोरल्या सुनेला हळदीचा जरा मळलेला पिवळा, धाकटीला विटकरी, आजोबांना पांढरं धोतर-नेहरूशर्ट, मुलग्यांना मोतिया किंवा राखी, पोरांना फिकट निळा. हिरवा आणि डाळिंबी परत कुणालाच नको. ते रंग आजीचेच राहू देत. डोळा आधी तिच्यावर जातो, मग हळदी-विटकरीवरून कडेला पोचतो. सुनांना ही युक्ती पटकन कळते, कारण रांगोळी काढताना त्या हेच करत असतात.

पण हल्ली फोन येतो तोवर बहुतेक वेळा ‘आमचं ठरलंय’ झालेलं असतं. नवरात्रातल्या नऊ रंगांनी आपल्याला एक सवय लावली आहे. ऑफिसात, बँकेत, शाळेत सगळ्या जणी एका दिवशी एकाच रंगात, आणि जिन्यावर उभं राहून फोटो. तिथे ते शोभतं, कारण तिथे दाखवायचं असतं की आम्ही सगळ्या एक. तीच गोष्ट घरच्या फोटोत आणली की पंचाईत होते. चौदा माणसं खांद्याला खांदा लावून मरून रंगात उभी केली की एकाचा दंड कुठे संपला आणि दुसऱ्याचा कुठे सुरू झाला ते समजत नाही. एक मोठा मरून ढीग आणि त्यावर चौदा मुंडकी. माणूस वेगळा दिसायला त्याच्याभोवती कड लागते, आणि कड येते शेजारच्या रंगाच्या फरकातून.

सगळ्यांनी पांढरे शर्ट आणि निळ्या जीन्स, ही दुसरी साथ. ती बाहेरून आली आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या गोऱ्या माणसांवर बरी दिसत असेल. आपल्या सावळ्या चेहऱ्यांत आणि पांढऱ्याफेक शर्टांत उजेडाचं अंतर इतकं असतं की चेहऱ्याप्रमाणे उजेड धरला तर शर्टाच्या चुण्या, बटणं सगळं धुऊन जातं, आणि शर्टाप्रमाणे धरला तर चेहरे काळवंडतात. त्यातून कॅमेऱ्याचं मीटर असं गृहीत धरून चालतं की समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखी, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारं आहे. समोर पांढऱ्याचा गठ्ठा दिसला की ते घाबरून उजेड कमी करतं. फोटोग्राफर हे सुधारू शकतो, पण मोबाइल हातात असलेला मेहुणा सुधारत नाही. पांढरंच हवं असेल तर मोतिया, साय, खादीचा कच्चा पांढरा असे तीनचार पांढरे मिसळा. पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरा बनियन घालू नका, तो उठून दिसतो; त्याऐवजी अंगाच्या रंगाचा घाला.

मायलेकींचे एकाच खणाचे ड्रेस मला आवडतात, हेही सांगून ठेवते. दोघीच असतील तर. गुळेदगुड्डच्या खणाची बारीक नक्षी जवळून घेतलेल्या फोटोत सुरेख येते. चार जावा आणि सहा मुली त्याच खणात आल्या की शाळेचं गॅदरिंग होतं.

मध्यंतरी ‘जुन्या काळासारखा फोटो’ काढायची टूम निघाली. पणजीच्या फोटोसारखी मांडणी, तशीच तिपाई, तशीच नऊवारी. या मंडळींनी पणजीच्या फोटोत काळं लुगडं पाहिलेलं असतं, म्हणून त्या हौसेने काळी नऊवारी शिवून आणतात. त्यांना मी सांगते की पणजीचं लुगडं बहुधा लालभडक असेल. त्या काळच्या काचेच्या प्लेटींना लाल रंग दिसतच नव्हता. सुरुवातीच्या प्लेटी फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला दाद द्यायच्या. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी मसाल्यात विशिष्ट रंगद्रव्यं घातली की प्लेट हिरव्यालाही दाद देते हे शोधलं, तरी लाल बाहेरच राहिला. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या प्लेटी इंग्लंडात १९०६ साली बाजारात आल्या, आणि जुन्या जातीच्या प्लेटी त्यानंतरही वर्षानुवर्षं वापरात होत्या. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो याच कारणाने.

या प्लेटींवर लाल लुगडं काळं उतरायचं आणि आकाशी जवळजवळ पांढरं. कुंकूसुद्धा काळं. घरातला तसा एखादा फोटो काढून बघा, कपाळावरची चिरी काजळाने ओढल्यासारखी दिसेल. सावळी त्वचाही मुळापेक्षा काळी यायची. त्यामुळे ‘आमची पणजी फार काळी होती’ यावरही फारसा विश्वास ठेवू नये. पणजीसारखंच दिसायचं असेल तर लाल नेसा, रंगीत फोटो काढा आणि कृष्णधवल करताना आम्हाला लाल दाबायला सांगा. पुढे संक्रांतीला नेसायला चंद्रकळा हवी असेल तर काळी घ्या की. हलव्याचे दागिने काळ्यावर जसे उठतात तसे दुसऱ्या कशावर उठत नाहीत.

आताचा कॅमेरा लाल बघतो, पण त्याच्या वेगळ्या खोडी आहेत. सेन्सरवर लाल, हिरवे, निळे असे ठिपके असतात. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये ही रचना केली आणि १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. त्यातले निम्मे ठिपके हिरवे. राणी रंग, भडक लाल किंवा गुलाली गुलाबी कापडावर उन्ह पडलं की लाल ठिपके आधी भरून वाहतात, आणि कापडाची वीण, चुण्या, सावल्या सगळं जाऊन एक सपाट डाग उरतो. आमच्याकडे राणी रंग फार लाडका, लग्नात तर विचारूच नका. नेसा खुशाल, पण सावलीत उभं राहा. बारीक चौकड्यांच्या शर्टाचं दुखणं निराळं. चौकड्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडली की शर्टावर इंद्रधनुषी लाटा दिसतात. दहा पावलांवरून मोबाइलने फोटो घेऊन स्क्रीनवर मोठा करा. लाटा दिसल्या तर शर्ट कपाटात. जरीवर समोरून फ्लॅश मारला तर ती पांढरी होते. तो मात्र आमचा प्रश्न, तुम्ही जरीचं नेसा.

आणि हनुवटी. गळ्याशी जो रंग असतो तो उजेडाबरोबर उसळून चेहऱ्यावर येतो. पोपटी कुर्ता घातलेल्या माणसाला दुपारी हिरवळीवर बसवा, हनुवटीखाली काविळीसारखी झाक येते.

ज्यावर सर्वात जास्त वेळ जातो ती गोष्ट कपड्यांत कुणी धरतच नाही. आजोबांचा चष्मा. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा हल्ली घरोघरी आहे. तो अतिनील किरणांनी काळा होतो, मिनिटाभरात. आणि उतरायला कितीतरी जास्त वेळ घेतो. थंडीत तो अजूनच गडद होतो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी पन्हाळ्यावर तबक उद्यानात बारा माणसं छान उभी आहेत आणि मधोमध आजोबा गॉगल लावून बसलेले. ‘चष्मा काढा’ म्हटलं तर त्यांचे डोळे उघडे पडतात, नाकावर दोन लाल खुणा दिसतात आणि घरच्यांनाच ते अनोळखी वाटतात. त्यावर उपाय म्हणजे जुना, साधा काचेचा चष्मा बरोबर आणा. नसेल तर सगळी रांग लागेपर्यंत आजोबा गाडीतच बसू देत, शेवटी आणून बसवा आणि पहिले चार फोटो पटापट घ्या. काचेवर उजेड चमकत असेल तर काड्या कानावर केसभर उचलायच्या, म्हणजे काच खाली झुकते. हे मी स्वतः जाऊन करते. पदर, निऱ्या, नथीचा तिरकेपणा, सगळं हाताने नीट करावं लागतं, आणि बाई फोटोग्राफर असल्याचा इथे फायदा होतो. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला, तेव्हा तो एका इंग्रज बाईकडे सोपवला होता.

आजोबांवरून आठवलं. पुण्याचा मुलगा वडिलांसाठी ब्लेझर घेऊन येतो. जन्मभर धोतर, नेहरूशर्ट आणि टोपीत वावरलेला माणूस त्यात खांदे आखडून बसतो आणि हात कुठे ठेवायचे ते त्याला सुचत नाही. मुलाची हौस मला कळते. पण टोपीशिवाय ज्यांना गावाने पाहिलेलं नाही त्यांची टोपी फोटोपुरती काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी पैसे घ्यायच्या आधीच सांगते. टोपी कपाळावरून दोन बोटं मागे घेतली की डोळ्यांवर सावली पडत नाही. फेट्यालाही तेच. लहान पोरांचं उलटं असतं. त्यांना त्या दिवशी नवीन काहीच घालू नये. जरीचा कॉलर टोचतो, मानेमागचं लेबल खाजतं, आणि मग पाचव्या फोटोत पोर रडायला लागतं. दोनदा धुतलेला सुती सदरा सर्वात चांगला. मोठ्यांनी नवा कुर्ता पिशवीतून काढून तसाच घातला तर छातीवर घडीच्या चार रेषा चारफुली काढल्यासारख्या येतात, इस्त्री करा. खिशातला मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढा. मनगटावरची रबरबँड काढा. बसणाऱ्यांनी पायात कोल्हापुरी घाला, आंघोळीची स्लिपर नको.

दुकानात जुळलेले रंग घरी येऊन जुळत नाहीत, ही तक्रार मॅचिंग सेंटरवाला रोज ऐकतो. दुकानातल्या एलईडीखाली दोन निळे एक वाटतात, उन्हात त्यातला एक जांभळा निघतो. म्हणून मी सगळ्यांना एक काम सांगते. आदल्या दिवशी सकाळी सगळ्यांचे कपडे एका पांढऱ्या चादरीवर मांडा, खिडकीजवळ, ट्यूब बंद करून. ज्या क्रमाने उभे राहणार त्या क्रमाने मांडा; मागच्यांचे कपडे कमरेला दुमडून. खुर्चीवर चढून मोबाइलने फोटो काढा आणि तोच फोटो कृष्णधवल करून बघा. शेजारचे दोन कपडे एकच राखी झाले तर त्यांची जागा बदला. रंगीत फोटोत एखादाच कपडा ओरडत असेल तर तो बदला, आणि दोन्ही फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवा. ओरडणारा कपडा बहुतेक वेळा धाकट्या जावयाचा शर्ट असतो. मी तसं कळवते. जावईबापूंना ते सांगायचं कुणी, यावर घरात जी बैठक बसते तिच्यात मी नसते.