सुटणारे सांधे, न सुटणारे सांधे

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पाईपांच्या दुकानासमोर सकाळी थोडा वेळ उभे राहावे. गिऱ्हाईक अहिराणीत बोलत असते, दुकानदार मराठीत, आणि कागदावर उतरणारी यादी अशी: कपलर, टी, एल्बो, रिड्यूसर, एमटीए, एफटीए, युनियन, ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर. सगळ्यांचे काम एकच, तुकड्याला तुकडा जोडणे. मग एवढी नावे कशाला? प्रस्तुत लेखक या भागात ठिबकची फिटिंग करत आला आहे आणि त्याचे ठाम मत आहे की यातले एकही नाव फुकटचे नाही. सांधा कशाच्या जोरावर धरतो आणि पुन्हा सुटतो की नाही, हे नावागणिक बदलते.

जोडण्याचे इंग्रजी शब्द इकडे पाईपांच्या आधी रेल्वेने आणले. भुसावळहून फुटलेली लाईन १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. भुसावळ ‘जंक्शन’ झाले. यार्डातले ‘कपलिंग’ म्हणजे दोन डब्यांची जोड. जुन्या स्क्रू कपलिंगसाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरून आटे आवळावे लागत. नंतरचे सेंटर बफर कपलर डब्याला डबा टेकला की आपोआप अडकतात. दोन्ही प्रकार रोज जोडायचे आणि रोज सोडायचे. पाईपवाल्यांचा ‘कपलर’ त्याच घराण्यातला शब्द, पण पीव्हीसीचा साधा कपलर एकदा चिकटला की करवतीनेच निघतो. कूळ एक, वागणे उलटे. नुसते नाव पाठ असलेला नवा फिटर इथेच चुकतो. फिल्टरच्या तोंडाशी, जिथे दर हंगामाला खोलायचे आहे, तिथे तो स्वस्त पडतो म्हणून कपलर चिकटवून मोकळा होतो. तिथे हवी असते युनियन. तिची चकती हाताने फिरवली की दोन्ही पाईप जागच्या जागी राहून सांधा सुटतो.

पीव्हीसीचा चिकट सांधा गोंदासारखा धरत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. ज्याला सगळे ‘सोल्युशन’ म्हणतात ते पाईपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग विरघळवते. दोन्हीकडचे मऊ झालेले प्लास्टिक एकमेकांत मिसळते, द्रावक उडून जातो आणि मागे एकजीव भिंत उरते. म्हणून पाईप सरळ कापायचा, कड घासायची, माती आणि ओल पुसायची, दोन्हीकडे सोल्युशन लावायचे, पूर्ण आत दाबून थोडा पीळ द्यायचा आणि क्षणभर धरून ठेवायचे. घाई होते ती यानंतर. शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी मोटार चालू करून पाहायची असते. द्रावक अजून आत आहे तोवर दाब दिला तर सांधा त्या दिवशी टिकतो आणि केळी ऐन भरात आल्यावर बोलतो. एक रात्र आणि एक दिवस थांबायला सांगणे हा फिटिंगचाच भाग आहे.

लॅटरलचे मात्र वेगळेच. पिकाच्या ओळीने जाणारी ती काळी नळी पॉलिथिलीनची, आणि पॉलिथिलीन या सोल्युशनने चिकटतच नाही. म्हणून तिच्यासाठी सगळे सांधे अडकवणारे: दोन्ही टोकांना कंगोरे असलेला जॉइनर आणि लॅटरलला पाणी पुरवणाऱ्या सबमेन पाईपाला भोक पाडून बसवलेला ग्रोमेट-टेकऑफ. ग्रोमेट हा मुळात जहाजांवरच्या खलाशांचा शब्द, दोराच्या कड्यासाठीचा. इथे तो रबराची एक कडी आहे. भोक मोठे झाले तर ती सैल बसते, लहान झाले तर बसवताना कापली जाते. म्हणून ड्रिलचे पाते ग्रोमेटच्या मापाचेच लागते, घरातले कुठलेही चालत नाही. भोक पाडताना आत पडलेला प्लास्टिकचा कीस पुढे जाऊन ड्रिपर बंद करतो. टेकऑफ बसवल्यावर लॅटरलची टोके उघडी ठेवून पाणी वाहू देणारा फिटर ओळखावा आणि त्यालाच पुन्हा बोलवावे.

खानदेशचे ऊन हा या सांध्यांचा खरा परीक्षक. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि उघड्यावरची काळी नळी त्याहून कितीतरी तापते. शंभर मीटरची लॅटरल तीस अंशांच्या फरकाने साधारण अर्धा मीटर लांब-आखूड होते. दुपारी ताठ ओढून बसवलेली नळी पहाटेच्या गारव्यात आखडते आणि टेकऑफमधून निसटते. जाणता फिटर तिला थोडी ढील देतो. जमिनीखाली दुसरी अडचण: काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पुरलेल्या पाईपाला हलवते. मोठ्या मेनलाईनला रबर रिंगचा सांधा म्हणूनच बरा. तो थोडा सरकू देतो, पण गळू देत नाही.

आट्यांच्या सांध्यात बाहेर आटे असलेला एमटीए, आत आटे असलेला एफटीए. बिजागरीला नर-मादी म्हणणाऱ्या माणसाला ही अक्षरे समजवायला वेळ लागत नाही. लक्षात एवढेच ठेवायचे की प्लास्टिकच्या एफटीएत लोखंडी निपल पान्याचा जोर लावून आवळू नये. एफटीए उभा चिरतो. टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची, मग हाताने आणि शेवटी जरासा पाना.

धुळ्याकडे, पांझरेच्या काठी, पाणी जोडण्याची जुनी विद्या अजून आठवणीत आहे. फड पद्धतीत बंधाऱ्यावरून पाट निघे, पाटातून चाऱ्या, आणि पाटकरी कोणाच्या शेताला केव्हा पाणी सोडायचे ते सांभाळी. त्याचा सांधा मातीचा. फावड्याने फोडायचा, फावड्याने बुजवायचा, आणि गळती झाली तर साऱ्या शिवाराला दिसायची. १९८० च्या दशकात भवरलाल जैन यांच्या जळगावच्या कारखान्याने पाईप आणि ठिबक इकडच्या शेतांत नेले तेव्हा पाणी वाचले, केळीला हिशेबाने मिळू लागले. हा मोठा बदल होता आणि चांगला होता. पण सांधे जमिनीखाली गेले. डोळ्यांना न दिसणाऱ्या सांध्याला नेमके नाव नसेल तर बिघाड शोधताना मुलगा बापाला काय विचारणार?

म्हणून शेतकऱ्यांना विनंती आहे. बिलावरची नावे दुकानदाराकडून देवनागरीत लिहून घ्या. फिटर निघण्याआधी त्याच्याकडून शेताचा नकाशा हाताने काढून घ्या: कुठे चिकटवलेला कपलर, कुठे युनियन, कुठे रिंग, बांधापासून किती फुटांवर, किती खोल. त्याने टाळाटाळ केली तर मजुरीचा शेवटचा हिस्सा नकाशा हातात पडल्यावरच द्या.