तळाचा गंज

आमच्या घरात ‘गंज’ या शब्दाचे तीन अर्थ नांदत होते. आई अमरावतीकडची. तिचा गंज म्हणजे डाळ शिजवायचे उभे पातेले. अण्णा अलिबागचे, त्यांचा गंज लोखंडावर चढणारा. आणि भोवतालच्या हिंदी मुलखात गंज म्हणजे बाजारपेठ. विदिशेच्या पुढे गंजबासोदा आहेच. लोखंडाच्या रोगाला इकडे ‘जंग’ म्हणतात, आणि लढाईलाही जंगच. बैतूल-बुऱ्हाणपूरकडच्या वाचकांना ही कसरत नवीन नाही. अण्णांनी पहिल्यांदा मिस्त्रीला सांगितले, ‘‘गाडी को नीचे से गंज लगा है,’’ तेव्हा त्याने शांतपणे टोपी काढून आपले टक्कल पुढे केले. ‘‘गंज तो ये है, बाबूजी. उसे जंग बोलिए.’’

अण्णा १९६२ साली भोपाळला आले. हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना १९५६ची, नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे लोकार्पण झाले ते १९६०च्या नोव्हेंबरात. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती तेव्हा उभ्या राहत होत्या. अण्णांचा जन्म पत्राकामात गेला. रंग लावण्याआधी पत्रा किती स्वच्छ हवा, यावर ते जेवताना बोलत. ‘‘रंग हा कपडा आहे, औषध नव्हे,’’ हे त्यांचे वाक्य आम्हां भावंडांना पाढ्यांइतके पाठ होते.

अशा माणसाने १९८८ साली एका दलालाकडून फियाट घेतली, प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. दहा वर्षे ती गाडी समुद्रकाठी राहिली होती. वरून हस्तिदंती रंग असा की आरसा. खालून दाट काळे डांबर फासलेले. दलाल म्हणाला, अंडरकोटिंग केले आहे, दहा वर्षे बघायला नको. अण्णा वाकून पाहत राहिले. डांबराखाली काय आहे ते त्यांनाही दिसेना. पण गाडी हवी होती, आईच्या गुडघ्यांना आता बसची पायरी चढवत नव्हती, आणि बजेटात बसणारी ती एकच होती.

जीपला खाली वेगळा सांगाडा असतो. वरचा पत्रा कुजला तरी कणा शाबूत राहतो. फियाटचे तसे नाही. तिचा तळ, कडांच्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळूनच तिचा कणा. म्हणजे तळाचा पत्रा गेला की नुसते भोक पडत नाही, गाडीचे हाडच झिजते. शिवाय रंगाची नजर सगळ्यांची वर, खाली बघायला पोत्यावर आडवे व्हावे लागते. आणि प्रतिष्ठित माणूस सहसा आडवा होत नाही.

१९८९च्या पावसाळ्यात आईच्या पायाखालची रबरी चटई सारखी ओली राहू लागली. पावसाचे पाणी दारातून आले असेल असे आम्ही धरून चाललो. भोपाळला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पण त्याहून वाईट आमची काळी माती. चाकांनी उडवलेला चिखल मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत जाऊन बसतो आणि तिथे ओल्या पोटीसासारखा आठ-आठ दिवस चिकटून राहतो. वरची गाडी उन्हात तापून कोरडी होते, खालची भिजलेलीच. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढे तिघे जमले की गंजाला चौथ्याची गरज नसते; मीठ आले तर मात्र कामाला वेग येतो, कारण खाऱ्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, हे अण्णांना फळ्यावर काढून दाखवले. ते म्हणाले, ‘‘बरोबर. आता स्क्रूड्रायव्हर आण.’’

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी खालून पत्रा वाजवत नेला. चांगला पत्रा ठणठणतो. कुजलेला ‘भद्’ करतो. चालकाच्या बाजूला आवाज ठीक होता. आईच्या पायाखाली भद्, भद्, आणि मग डांबराचा ताटाएवढा पापुद्रा खाली पडला. त्याच्या आतल्या अंगाला चिकटून आलेला तांबूस थर म्हणजेच आमच्या गाडीचा तळ होता. ॲल्युमिनियमचा गंज त्याच्या अंगावर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज फुगतो, सुटतो, सच्छिद्र असतो. स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. त्यावर डांबर फासणे म्हणजे गळूवर मलमपट्टी करून आत पू ठेवण्यासारखेच. दलालाने नेमके तेच केले होते.

गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर पत्रा बदलून भागले असते. पण खरडताना अण्णांचा हात मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या बारीक नळीवर थांबला. डांबराच्या कडेशी ओल साचून ती एका जागी खवल्याखवल्यांची झाली होती. डिसेंबरात मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही त्याच गाडीने बैतूलला निघणार होतो. तेव्हाच्या होशंगाबादवरून, आताच्या नर्मदापुरमवरून, आणि पुढे बरेठ्याचा घाट. घाटात सारखा ब्रेक दाबावा लागतो. दाबलेले तेल त्या खवल्यातून फुटले असते तर पायातले पेडल सरळ जमिनीला टेकले असते. आईला हे सांगितले नाही. गाडी नादुरुस्त आहे एवढे सांगून अण्णांनी रेल्वेची तिकिटे काढली. आई पूर्ण प्रवासभर म्हणत होती, ‘‘दारात गाडी अन् आपण डब्यात.’’

भोपाळात राहून गंजलेल्या नळीबद्दल लिहायचे आणि १९८४चा डिसेंबर आठवायचा नाही, हे जमत नाही. त्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यात टाकीत पाणी शिरले, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत आहे की, निसटणारा वायू जाळण्यासाठी जो मनोरा होता, त्याकडे जाणाऱ्या नळीचा गंजलेला तुकडा काढून ठेवला होता आणि नवा बसवायचा राहिला होता. तो मनोरा चालू असता तरी एवढा लोंढा त्याला पेलला नसता, असे जाणकार सांगतात. ते खरेही असेल. अण्णा मात्र ‘बसवायचा राहिला’ हे दोन शब्द उच्चारून गप्प होत.

जानेवारीच्या कोरड्या थंडीत काम काढले. आधी गाडी खालून पाण्याच्या जोराच्या धारेने धुतली, आणि मग तीन दिवस नुसती उन्हात. मिस्त्रीला हे तीन दिवस पटेनात. ‘‘बाबूजी, जला ऑइल मार देते हैं, काम खतम.’’ जळक्या ऑइलचा फवारा हा आमच्याकडचा सार्वत्रिक उपाय. त्याने पाणी काही दिवस दूर राहते हे नाकारता येत नाही. पण ते रबरी बुश आणि नळ्या फुगवते, धूळ धरून ठेवते, अंगणातली माती नासवते. अण्णांनी नकार दिला. मग दोघांची महिनाभर चाललेली तात्त्विक चर्चा सुरू झाली, ती चहाच्या कपांवर मोजावी लागेल.

कुजलेला पत्रा कापून नवा जोडला. ब्रेकच्या नळ्या चारही बदलल्या. उरलेला गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून काढला. जिथे खड्ड्यांत राहिला तिथे फॉस्फोरिक आम्लाचे द्रव लावले. ते गंजाचे लोहफॉस्फेट करते, काळपट पडते आणि रंगाला धरायला जागा देते. मग रेड ऑक्साइडचे दोन हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन, आणि सगळ्यात शेवटी काळे रबरी कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक आणि हँडब्रेकची तार यांवर कागद बांधून ठेवला होता, कारण तिथे कोटिंग बसले की दुसरीच भानगड होते. कोटिंगपेक्षाही अण्णांना जास्त काळजी होती ती भोकांची. दारांच्या आणि कडांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. दलालाच्या डांबराने ती सगळी बुजवली होती, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. पोकळ कडा बाहेरून कधीच दिसत नाहीत. त्या आतून बाहेर कुजत येतात, आणि रंगावर फोड दिसतो तेव्हा पत्रा संपलेला असतो.

दिल्लीचा लोहस्तंभ गंजत नाही, असे आपण शाळेत शिकतो. दीड हजार वर्षांहून अधिक काळ तो उभा आहे, त्याच्या लोखंडात स्फुरद जास्त आहे, त्याने पृष्ठावर एक राखणारा पापुद्रा तयार होतो, हे सगळे खरे. तो मूळचा आमच्याच विदिशेजवळच्या उदयगिरीचा असावा, असे आर. बालसुब्रमण्यम यांनी मांडले होते, म्हणून आम्हां भोपाळकरांना त्याचे अधिक कौतुक. पण त्याचा जमिनीत गाडलेला भाग गंजलेला निघाला, आणि १९६१ साली त्याला शिशाचा पत्रा गुंडाळावा लागला. अण्णांना ही हकीकत फार आवडे. ‘‘बघ, त्याचीही खालचीच बाजू!’’

ती गाडी त्यानंतर नऊ वर्षे चालली. १९९९ साली विकायला काढली तेव्हा बरखेड्याचे एक मास्तर बघायला आले. वरून गाडी छानच होती. अण्णांनी पोते अंथरले, मास्तरांना आडवे केले, आणि कुठे कुठे जोड आहे, कोणता पत्रा कधीचा, कोणत्या कोपऱ्यात अजून बघायला हवे, ते बॅटरी धरून दाखवले. भावात चार हजार कमी झाले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढेच, ‘‘दलालाला कोणी आडवं केलं असतं तर.’’

आता काळ बदलला. नव्या गाड्यांचे पत्रे बऱ्याच जागी जस्तलेपित असतात, आणि सबंध सांगाडा विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवून काढतात, त्यामुळे रंग पोकळ कडांतही पोचतो. दुकानदार तरीही नव्या गाडीला पाच-सात हजारांचे कोटिंग गळ्यात मारतोच. ते घ्यावे का, असे मुलाने विचारले. समुद्रकाठी राहत असशील तर विचार कर, इथे मातीच वेळेवर धू, असे मी सांगितले. माझी भाची टोरांटोला असते. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. अलिबागला जे समुद्र करतो ते तिकडे नगरपालिका करते, आणि भाची दर शिशिरात गाडीला खालून तेलाचा थर मारून घेते.

आमच्याकडे ही कामे दिवाळीच्या साफसफाईत येतात. पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते, माती अजून सुटण्याजोगी असते. अण्णा गेल्याला बारा वर्षे झाली, आई त्याआधीच गेली. यंदा नवरात्र संपल्यावर मुलाची गाडी दोन विटांवर न चढवता (हे मात्र कधीच करू नका, जॅकवरही भरवसा ठेवून खाली शिरू नका) सर्व्हिस स्टेशनच्या उंच लिफ्टवर चढवून घेतली. मागच्या डाव्या दाराच्या तळाचे एक भोक मातीने बुजले होते. तिथल्या पोराला केसांतली पिन काढून दिली. ‘‘आंटी, इसमें क्या निकलेगा?’’ म्हणत त्याने ती आत सरकवली, आणि वाटीभर काळे पाणी त्याच्या हातावरून खाली आले.