मधली दांडी

जावई सासुरवाडीला येऊन राहिला, तर चार दिवस त्याचे कौतुक होते आणि पाचव्या दिवसापासून थट्टा. पण सासराच जावयाच्या घरी मुक्कामाला आला, तर त्याचे काय होते, हे आपल्या जुन्या म्हणींना ठाऊक नाही. पूर्वी असा प्रसंग फारसा कुणावर येत नसावा. माझ्यावर तो आला. पत्नी गेल्यावर पुण्याच्या घरात मी एकटा उरलो, तेव्हा मुलीने मला अमेरिकेत, मिशिगनला बोलावून घेतले. "आता इथेच राहायचे बाबा, पुण्याची जागा विकून टाका," असा तिचा आग्रह. जागेला गिऱ्हाईकही लागले होते. माझ्या सहीचाच काय तो अवकाश होता.

जावई अमेरिकन, पण स्वभावाने अगदी गरीब. मला 'बाबा' म्हणतो. घरात सारे गोडीगुलाबीने चालले होते. त्याला संध्याकाळी सहाला जेवायची सवय. मला साडेआठशिवाय भूक लागत नाही. म्हणून मुलगी रोज दोनदा पाने घेई. मला फोडणीवाचून आमटी गोड लागत नाही आणि मोहरीच्या धुराने त्याला ठसका लागतो. म्हणून बाहेर बर्फ पडत असताना ती खिडकी उघडून फोडणी करी. "जमेल हो हळूहळू!" असे आम्ही तिघेही म्हणत होतो. जमवत होती ती एकटी.

जावयाला व्यसन एकच, जुन्या मोटारीचे. त्याच्या गॅरेजात १९७२ सालचा शेव्हरोले ट्रक आहे. त्याचे आठ सिलिंडरांचे इंजिन ज्या घराण्यातले, ते घराणे शेव्हरोलेने १९५५ साली बाजारात आणले. तेव्हा ते २६५ घन इंचांचे होते. जावयाकडे आहे ते ३५० घन इंचांचे १९६७ साली आले. यंदाच्या थंडीत त्याने त्यातला कॅमशाफ्ट बदलायला काढला. मी बँकेत चौतीस वर्षे आकडेमोड केलेली. त्याने माझ्या हाती वही-पेन्सिल दिली आणि मला शेगडीशेजारी स्टुलावर बसवले.

या इंजिनात मौज अशी, की कॅमशाफ्ट असतो खाली, इंजिनाच्या पोटात, आणि व्हॉल्व्ह असतात वर, डोक्यात. कॅमशाफ्टवर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा फिरून आला की त्यावरचा टॅपेट वर उचलला जातो, टॅपेट पुशरॉड नावाच्या पोकळ पोलादी दांडीला वर ढकलतो, दांडी रॉकरचे एक टोक उचलते आणि सी-सॉसारखे त्याचे दुसरे टोक व्हॉल्व्हला खाली दाबते. रॉकरची ही बाजू दीडपट लांब, म्हणून खाली एक इंच तर वर दीड इंच, असा हिशेब. अशा दांड्या सोळा. मूळच्या सुमारे ७.८ इंच लांबीच्या.

जुने टॅपेट बुडाशी जवळजवळ सपाट. ते उंचवट्यावर घासत चालतात. हल्लीच्या तेलांत जस्त-फॉस्फरसचे प्रमाण कमी झाल्यामुळे असा नवा कॅमशाफ्ट पहिल्या काही मिनिटांतच झिजण्याची धास्ती असते. म्हणून जावयाने चाकाच्या टॅपेटांचा कॅमशाफ्ट आणला. पण एक वस्तू बदलून भागत नाही. व्हॉल्व्ह अधिक उघडणार, तर स्प्रिंगा बदलायला हव्यात. त्या पुऱ्या दाबल्या गेल्या तरी वेढ्याला वेढा भिडता कामा नये. सपाट टॅपेटांचे उंचवटे किंचित उतरते असल्याने कॅमशाफ्ट आपोआप मागे दबून राहतो. नव्यात तशी सोय नाही, म्हणून तो पुढे सरकू नये यासाठी समोर बटण लावायचे. आणि चाकाचे टॅपेट उंच असतात, तेव्हा दांड्या आखूड हव्यात.

किती आखूड? जावयाचा एक मित्र म्हणाला, "सगळे ७.२ इंचीच घालतात." जावई म्हणाला, "आपण मोजू." इंजिनाचे डोके कधीतरी तासलेले असते, गॅस्केटची जाडी निराळी असते, कॅमशाफ्टचा मूळ गोल लहान असतो. हजारांश इंचांची ही उधारी साठत साठत दांडीच्या नावे पडते.

त्याने लांबी कमीजास्त करता येईल अशी तपासणीची दांडी घेतली. मूळ स्प्रिंगांऐवजी नाजूक स्प्रिंगा लावल्या, कारण कडक स्प्रिंगेखाली टॅपेटातला तेलाचा दट्ट्या दबतो आणि माप खोटे येते. व्हॉल्व्हच्या टोकाला शाई फासली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि रॉकर काढून शाई कुठे पुसली गेली ते पाहिले. दांडी लांब असली तर खूण टोकाच्या बाहेरच्या कडेला जाते, आखूड असली तर आतल्या. योग्य लांबीची खूण अरुंद असते आणि मध्याच्या जवळ पडते. त्याने मापे सांगायची, मी लिहायची, अशा आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ७.२५ वर खूण सर्वांत अरुंद आली.

मी विचारले, "रॉकरवर नट आहे ना? तोच थोडा आवळला तर?"

तो म्हणाला, "बाबा, नट आवळला की खडखड थांबते. कोन सुधारत नाही. रॉकर व्हॉल्व्हला तिरपा रेटत राहतो आणि व्हॉल्व्ह ज्या नळीत चालतो, ती नळी झिजते. आवाज नसतो, म्हणून कळत नाही."

त्या रात्री झोप येईना. दीड वाजता स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. मुलगी माझ्या दुसऱ्या दिवसाच्या पोळ्यांची कणीक मळून ठेवत होती. सकाळी सातला तिला नोकरीवर जायचे होते.

मग मी वहीचे दुसरे पान उघडले. आठवडाभर मुलीचे उठणे, झोपणे, दोन स्वयंपाक, सारे मांडले आणि रविवारी ते पान दोघांपुढे ठेवले. जावयाने ते माझ्यापेक्षा लवकर वाचले. मुलगी मात्र रडू लागली. "म्हणजे तुम्हाला इथे करमत नाही, असेच ना?" मी म्हणालो, "करमते ग. म्हणूनच मोजले."

जेवण सातला, एकदाच, सर्वांचे मिळून. फोडणी माझी मी करायची, मागच्या अंगणात, जावयाच्या मांस भाजण्याच्या शेगडीवर. आणि मुक्काम दर वर्षी मे ते सप्टेंबर. पुण्याची जागा विकायची नाही. गिऱ्हाइकाला मी तसे कळवले. दोन दिवस मुलगी माझ्याशी तुटक बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने मे महिन्याच्या तिकिटाची चौकशी केली. त्या आठवड्यात ती रोज दहाला झोपली.

ट्रक मार्चमध्ये सुरू झाला. मी निघण्याच्या आदल्या दिवशी जावई जुन्या सोळा दांड्या पुसून कागदात बांधत होता. मी एकेक हातात घेऊन काचेवर घरंगळवून पाहिली. एकही वाकडी नव्हती. "मग टाकून का देत नाहीस, किंवा विकत?" मी विचारले. "चांगल्या आहेत," तो म्हणाला, "फक्त दुसऱ्या कॅमशाफ्टच्या मापाच्या आहेत." आणि पुडक्यावर त्याने ठळक अक्षरांत लांबी लिहून ठेवली.