साक्ष द्यायची म्हणजे काय सांगायचं?

मंडळाच्या गणपतीत आरती झाली, मोदकांच्या ताटल्या हातात आल्या की कोणीतरी नव्या ओळखीचं माणूस आम्हाला हमखास विचारतं, "तुम्ही केव्हा झालात हो ख्रिश्चन?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आडनाव चारचौघांसारखं, बोलणं नगरी, तेव्हा शंका येणारच. आम्ही "जन्मल्यापासून" म्हणतो आणि विषय मोदकांकडे वळवतो.

इथे मिशिगनमध्ये ज्या चर्चला आम्ही जातो, तिथे अडचण निराळी. तिथे साक्ष द्यायची पद्धत आहे. म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्या मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. लोक तारीख-वार देऊन सांगतात. कोणाची दारू सुटलेली असते, कोणी तुरुंगातून आलेला असतो. आम्ही पडलो चौथ्या पिढीचे. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) रविवारी आईचा हात धरून देवळात जायचं, हो, आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत, टिळकांची भजनं म्हणायची, नाताळला करंज्या तळायच्या. यातली तारीख कुठली काढणार?

आमचा नंबर आला तेव्हा एका सज्जनांनी सुचवलं, "मूर्तिपूजेच्या अंधारातून बाहेर कसे आलात ते सांगा." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्या शेजारच्या आजींच्या देवघरातला खडीसाखरेचा खडा खाऊन आम्ही शाळेत जायचो, तिथे अंधार होता असं खोटं कसं बोलायचं?

त्या आठवड्यात आम्ही 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या वर्षांतला राग, रडणं, सोवळ्याओवळ्याचा घोळ, बाईंनी काही म्हणून लपवलेलं नाही. साक्ष द्यावी तर अशी, असं दोघांचं एकमत झालं. (आमचं एकमत क्वचित होतं.)

मग आम्ही खरं तेच सांगितलं. आमचे पणजोबा टिळकांसारखे विचार करून, वाद घालून आलेले नव्हेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात सहा-सात वर्षांचं उपाशी पोर मिशनच्या दारात आलं. भाकरी मिळाली म्हणून राहिलं. गावात त्याला पाणवठा वेगळा होता, बोर्डिंगात सगळ्यांना माठ एक. "भाकरीसाठी बाटले" हे शाळेत ऐकून आम्ही मान खाली घालत असू. त्या दिवशी माइकवर पहिल्यांदाच म्हटलं, हो, भाकरीसाठीच.

आणि आमचं स्वतःचं? ते २००९ सालचं. मोटारधंद्याची पडझड चाललेली. कंपनीने एका मंगळवारी खोकं हातात दिलं. व्हिसा नोकरीवरचा, आणि नोकरी गेल्यावर साठ दिवसांची जी मुदत मिळते तो नियम आला २०१७ साली. आमच्यातल्या एकीचं शिक्षण चालू होतं, तिच्या विद्यार्थी-व्हिसावर दुसऱ्याने आश्रित म्हणून अर्ज केला. तशात बाळ नऊ आठवडे आधी आलं.

काचेच्या पेटीपाशी बसून आम्हाला प्रार्थना येईना. इंजिनिअरिंगच्या डोक्याला सवय अशी, की भार किती आणि आधार किती. आधाराची बाजू कोरी दिसत होती. तिसऱ्या रात्री कधीतरी आमच्याशेजारी कोणी येऊन बसलंय असं वाटलं. आवाज नाही, उजेड नाही, नुसती सोबत. दोघांनाही वाटलं, आणि खुळ्यात काढतील म्हणून सकाळपर्यंत एकमेकांना सांगितलं नाही. याला पुरावा विचाराल तर नाही. पण त्यानंतर प्रार्थना करता येऊ लागली, एवढं खरं.

तीन आठवडे रोज संध्याकाळी मंडळाच्या एक काकू वरणभाताचा डबा घेऊन येत होत्या. काचेपाशी हात जोडून त्या अथर्वशीर्ष म्हणत, आम्ही आमची प्रार्थना. साक्षीत तेही सांगितलं. ते गाळलं असतं तर ती साक्ष कसली?

नंतर कॉफीच्या टेबलाशी एका बाईंनी हळूच विचारलं, "त्या काकूंचं तारण झालंय का?" उत्तर सुचलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.

पेटीतलं ते बाळ आता आमच्यापेक्षा उंच झालंय आणि मंडळाच्या ढोलपथकात आहे. यंदा गणपतीत एका नव्या जोडप्याने आमचा तो ठरलेला प्रश्न विचारला. आम्ही "जन्मल्यापासून" न म्हणता चार खुर्च्या ओढल्या. पणजोबांच्या भाकरीपर्यंत पोचलो तोच काकूंनी पानं वाढल्याची हाक दिली. उरलेलं नाताळला सांगू म्हटलं, करंज्या खायला या.