उन्हात बांधलेला जीव आणि वाटसरूचे कर्तव्य

वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारी जळगावच्या दाणा बाजारात काय किंवा जालन्याच्या मोंढ्यात काय, वर्दळ आपोआप मंदावते. शटर अर्धे खाली येते, गादीवरचे मुनीमजी भिंतीला टेकतात, हमाल पोत्यांच्या थप्पीआड पाठ टेकतात. ऊन टाळण्याची मुभा माणसाला आहे आणि तो ती घेतो. गोदामाच्या दाराशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला मात्र ती मुभा नाही. सकाळी आठ वाजता त्याला बांधले तेव्हा तेथे सावली होती. बारा वाजता ती सावली भिंतीपलीकडे निघून गेलेली असते. साखळीची लांबी सूर्याला ठाऊक नसते.

हेच दृश्य शहरांत वेगळ्या रूपाने दिसते. गच्चीवर सोडून दिलेले कुत्रे, पश्चिमेकडच्या बाल्कनीत कोंडलेले कुत्रे, मंगल कार्यालयाबाहेर बंद मोटारीत ‘पाचच मिनिटांसाठी’ ठेवलेले कुत्रे. येणारे-जाणारे पाहतात, क्षणभर थबकतात आणि पुढे जातात. ज्या जीवाशी आपला काही संबंध नाही, ज्याचा मालक कोणी दुसराच आहे, त्याच्यासाठी परक्याने मध्ये पडावे काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यात एका बाजूला प्राण आहे, तर दुसऱ्या बाजूला मालकीहक्क, शेजारधर्म आणि वर्षानुवर्षांचे व्यवहार आहेत.

प्रथम उन्हाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ केवळ पंजांच्या गाद्यांना. त्याची खरी भिस्त जीभ बाहेर काढून धापा टाकण्यावर असते. सभोवतालची हवाच तापलेली आणि कोंदट असेल तर ही धाप निष्फळ ठरते. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताची अवस्था सुरू होते. मेंदू, मूत्रपिंडे आणि रक्त यांवर आघात होऊ लागतात. पग किंवा बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा श्वासमार्गच अरुंद असल्याने त्यांना हा धोका अधिक लवकर गाठतो. मोटारीची गोष्ट तर आणखी भयंकर आहे. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर केवळ २२ अंश तापमान असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत तासाभरात ४७ अंश तापमान नोंदले गेले. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती आणि काच थोडी खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नव्हता. खानदेश-विदर्भात बाहेरच ४४ अंश असताना गाडीच्या आत काय होत असेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल. ‘पाच मिनिटे’ हा शब्द माणसाच्या घड्याळातला आहे. आतल्या जीवाच्या घड्याळात त्याचा अर्थ निराळा असतो.

इतके कळूनही माणूस पुढे का होत नाही? त्याला निष्ठुर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. व्यापारी घरांत लहानपणापासून एक शिकवण मिळते, की दुसऱ्याच्या घरच्या कारभारात लक्ष घालू नये. ही शिकवण भित्रेपणाची नाही. एकाच पेठेत पिढ्यानपिढ्या राहायचे, एकमेकांची हुंडी स्वीकारायची, लग्नकार्यात एकत्र बसायचे, तर हा संयम लागतोच. शिवाय परक्याचा अंदाज चुकूही शकतो. गाडी बंद दिसते, पण आत वातानुकूलन चालू असते. कुत्रे एकटे दिसते, पण मालक समोरच्या औषधाच्या दुकानात उभा असतो. धापा टाकणारे प्रत्येक कुत्रे मरणाच्या दारात नसते; खेळून आलेले कुत्रेही धापा टाकते. अशा वेळी काच फोडणारा माणूस दयाळू नव्हे, उतावळा ठरतो.

तालुक्याच्या एका गावी कापडाच्या दोन व्यापाऱ्यांची घरे एकाच इमारतीत समोरासमोर होती. दोन्ही घरांचा व्यवहार तीस वर्षांचा. मे महिन्यात एक कुटुंब दूरच्या लग्नाला गेले. त्यांचे कुत्रे बाल्कनीत होते. पाण्याचे भांडे भरलेले होते आणि संध्याकाळी नोकर येऊन पाहणार होता. दुपारी दोन वाजता ऊन बाल्कनीत शिरले. कुत्र्याच्या धडपडीत भांडे उलटले. समोरच्या घरातल्या सुनेने ते पाहिले. तिने फोन केला. लग्नघरच्या गलबल्यात तो कोणी उचलला नाही. तिने पुन्हा केला, असे सात वेळा. सासरे म्हणाले, “बेटा, दुसऱ्याच्या घरचा मामला आहे. उद्या संबंध बिघडतील.” ती म्हणाली, “पप्पाजी, उद्यापर्यंत तो जगायला तर हवा.” शेवटी तिने पहारेकऱ्याला वरच्या मजल्यावर नेले. तेथल्या बाल्कनीतून ओली चादर खाली सोडून सावली केली आणि नळीने पाण्याची मंद धार धरली. कुलपाला कोणी हात लावला नाही. तासाभराने नोकर आला आणि त्याने दार उघडून कुत्र्याला आत घेतले.

यजमान परतले तेव्हा आभाराचा शब्द आला नाही. साऱ्या इमारतीसमोर आपली बेपर्वाई उघडी पडली, ही बोच मोठी होती. “आम्ही काय आमच्या जनावराला मारायला ठेवले होते काय?” असे ते म्हणाले. त्या दिवाळीला दोन्ही घरांचे एकमेकांकडे जाणे झाले नाही. पण पुढच्या वैशाखात ते कुटुंब पुन्हा बाहेरगावी निघाले, तेव्हा त्या घरच्या भाभींनी समोरच्या घराची बेल वाजवली आणि काही न बोलता किल्ली सुनेच्या हातात ठेवली.

सुनेने दाखवलेला विवेक येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. तिने मालकीचा भंग केला नाही, कोणाला बोल लावला नाही, छायाचित्र काढून गावभर फिरवले नाही. आणि तरीही ती स्वस्थ बसली नाही. किंमतही तिने मोजली. एक दिवाळी अबोल्यात गेली. मध्ये पडण्याची किंमत बहुधा अशीच असते, आणि जो मध्ये पडतो त्याने ती आधीच गृहीत धरावी, हे उत्तम.

कायद्याची बाजूही पाहावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला गैरवाजवी काळ बांधून ठेवणे आणि मालक असून पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, हे गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये एवढाच लिहिलेला आहे. आजच्या भावाने तो दोन-तीन कप चहाचा खर्च झाला. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१७ पासून तापलेल्या गाडीतील प्राण्यासाठी काच फोडणाऱ्या नागरिकाला कायद्याचे संरक्षण आहे, पण अटींसह. गाडीला कुलूप आहे याची खात्री करावी, आधी पोलिसांना कळवावे, गरजेपेक्षा अधिक बळ वापरू नये आणि अधिकारी येईपर्यंत तेथेच थांबावे. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने आणि गुन्हेगारी हेतूविना केलेल्या कृतीला संरक्षणाचे सामान्य तत्त्व आहे. प्राण्यासाठी फोडलेल्या काचेचा त्यात नावानिशी उल्लेख नाही. म्हणून कायदा वाटसरूला पूर्ण अभय देत नाही, तसेच त्याला पाठ फिरवायलाही सांगत नाही.

श्रावकाचाराचा या विषयाशी संबंध तर अगदी थेट आहे. अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बंध आणि अन्नपाननिरोध या दोहोंची गणना आहे. मारणे दूरच राहिले. बांधून ठेवणे आणि खाण्यापिण्यात अडथळा आणणे हेही व्रताला लागलेले लांछन मानले गेले. गोदामाच्या राखणीसाठी कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक पेढीने ही दोन नावे दुपारी बारा वाजता आठवावीत.

परक्याच्या हस्तक्षेपाविषयी भगवान पार्श्वनाथांच्या चरित्रातील कमठाचा प्रसंग सर्वांना परिचित आहे. तपशील परंपरेपरंपरेने बदलतात, पण गाभा एकच. लाकूड परक्याचे, अग्नी परक्याचा, अनुष्ठानही परक्याचे. राजकुमाराचा तेथे कोणता अधिकार? तरीही लाकडात नागाचा जीव आहे हे कळताच ते गप्प राहिले नाहीत. त्यांनी आधी सांगितले, समजावले आणि मग लाकूड फोडून नाग बाहेर निघाला. कमठाला त्याचा राग आला आणि तो वैरभाव जन्मांतरी उपसर्ग होऊन उभा राहिला. म्हणजे हस्तक्षेप योग्य होता आणि तरीही त्याने वैर ओढवले, ही दोन्ही सत्ये एकाच कथेत शेजारी-शेजारी नांदतात. करुणेचे फळ आभारच असते, असे ती कथा सांगत नाही.

मुंबईच्या इतिहासातही एक बोध आहे, आणि योगायोगाने तोही उन्हाळ्याचाच आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या हुकमाने शहरातली मोकाट कुत्री मारली जात होती. मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. त्या जून महिन्यात कोटभागातील पारशी समाज प्रक्षुब्ध झाला आणि शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, दुकाने बंद राहिली, दंगल माजली. त्या रागामागची करुणा खरी होती, पण रागाने हात उगारले आणि माणसे जखमी केली. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील शेठ-सावकारांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. दंगल दोन दिवसांत शमली. पांजरापोळ आजही आहे. क्रोधातून निघालेली दया क्षणभर पेटते आणि विझते. व्यवस्थेत रुजलेली दया पिढ्यानपिढ्या पाणी पाजत राहते.

मग वाटसरूने करावे तरी काय? प्रथम थांबावे आणि नीट पाहावे. धाप अतिवेगाची आहे काय, लाळ दाट झाली आहे काय, हिरड्या गडद लाल दिसतात काय, प्राणी झोकांड्या खातो आहे काय? ही चिन्हे नसतील तर मालकाला शोधणे, दुकानातून किंवा कार्यालयातून गाडीचा क्रमांक पुकारणे, एवढे पुरे. साखळीतले कुत्रे असेल तर पाणी आणि सावली पोहोचवण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. फक्त अनोळखी आणि भेदरलेल्या प्राण्याच्या फार जवळ जाऊ नये, भांडे काठीने पुढे सरकवावे. चिन्हे गंभीर असतील तर ११२ क्रमांकावर आणि गावातील पशुवैद्यकाला कळवावे, दोन साक्षीदार सोबत घ्यावेत. प्राणी कोसळू लागला आणि मदत येत नसेल, तरच कुलूप वा काच. त्यानंतर पळून न जाता तेथेच थांबावे, नुकसानीची भरपाई देण्याची तयारी ठेवावी. बाहेर काढलेल्या प्राण्यावर बर्फ ओतू नये; साधे पाणी अंगावर घालून वारा घालावा, शुद्धीत असेल तर थोडे थोडे पाणी पाजावे आणि तो सावरल्यासारखा दिसला तरी पशुवैद्यकाकडे न्यावे. आतला आघात उशिरा प्रकट होतो.

आणि मालकाशी बोलताना शब्द सौम्य असावेत. कुत्र्याला वाचवताना मनात मालकाविषयी क्रोध आणि स्वतःविषयी मान साचला, तर एका जीवाची हिंसा टळली पण कषायाची वाढ झाली. बहुतेक मालक दुष्ट नसतात. त्यांनी केवळ सावलीचा हिशेब केलेला नसतो.

हा हिशेब आधीच करणे, हे खरे तर पाळणाऱ्याचे काम. व्यापारी घरांना ‘ठेव’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली रक्कम स्वतःच्या रकमेपेक्षा अधिक जपावी, हा पेढीचा धर्म आहे. पाळलेला प्राणी ही तशीच ठेव आहे. फरक इतकाच, की तो कधी पावती दाखवून तक्रार करीत नाही. म्हणून बाहेरगावी जाताना किल्ली शेजाऱ्यांकडे द्यावी, गोदामाच्या दारावर दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा, साखळी तिन्ही प्रहरांची सावली पाहून बांधावी, किंवा उन्हाळ्यात बांधूच नये. आणि शेजाऱ्याला स्पष्ट सांगावे, की प्रसंग आला तर संकोच करू नका, कुलूप तोडा, राग मानणार नाही. परक्याने मध्ये पडावे की नाही, या प्रश्नाची तीव्रता ज्या दिवशी मालक असे सांगून जाईल त्या दिवशी निम्मी ओसरेल. कारण त्या दिवसापासून तो शेजारी परका राहणार नाही.